न सुटलेल्या खुनांवर मराठीत पॉडकास्ट: सारखे येणारे प्रश्न, एकदाचे एकाच ठिकाणी

गेली चार वर्षं मी आणि माझी मावसबहीण मिळून न सुटलेल्या खुनांवर मराठीत पॉडकास्ट करतोय, ती कागद शोधते आणि एडिट करते, मी लिहितो आणि बोलतो. मेसेज भरपूर येतात आणि त्यातले निम्मे तेच ते असतात म्हणून हे लिहून ठेवलंय. आम्ही दोघंही वकील नाही. कायद्याचं जे खाली आलंय ते एका ओळखीच्या वकीलबाईंनी कान धरून शिकवलेलं आहे, तुमच्या एपिसोडसाठी तुमचा वकील गाठा.

१. न उकललेला खून म्हणजे नक्की कुठला? आरोपी कोर्टातून सुटला की केस न उकललेली धरायची का?

पोलिसांच्या भाषेत याला सरळ शब्द आहे, ए समरी. तपास करून काही हाती लागलं नाही की पोलिस कोर्टाकडे समरी मागतात. ए म्हणजे गुन्हा घडलाय पण आरोपी सापडत नाही, बी म्हणजे फिर्यादच खोटी, मुद्दाम केलेली, आणि सी म्हणजे धड खरी नाही धड खोटी नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी भानगड. खुनाची ए समरी ही अस्सल न उकललेली केस.

पण लोकांना माहीत असलेल्या बहुतेक केसेस या खात्यात बसतच नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे नोएडातला आरुषी-हेमराजचा दुहेरी खून, सीबीआयने २०१० च्या डिसेंबरमध्ये क्लोजर रिपोर्ट (तपास बंद करतोय असा अहवाल) दिला, कोर्टाने तो न स्वीकारता खटला चालवला, २०१३ मध्ये आई-वडील दोषी, २०१७ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात निर्दोष. मग खून कुणी केला? कागदावर उत्तर नाही. तिसरा प्रकार म्हणजे डॉ. दाभोलकरांसारखी केस, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वरच्या पुलावर सकाळी गोळ्या घातल्या, १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, पण यामागे डोकं कुणाचं हा प्रश्न तसाच लोंबकळतोय. याला अर्धी सुटलेली म्हणा.

आणि चौथा प्रकार, ज्यावर कुणीच एपिसोड करत नाही, तो म्हणजे अनोळखी प्रेत. मेलेला कोण हेच कळत नाही तिथे मारणारा कुठून कळणार.

२. पहिल्या एपिसोडला कुठली केस घेऊ? स्टोनमॅन घेतला तर?

घ्या की, पण हातात काय येणारे ते आधी ऐका. १९८५ ते ८८ च्या दरम्यान मुंबईत सायन-किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर एकटे झोपलेले डझनभर लोक डोक्यात दगड घालून मारले गेले, १९८९ मध्ये कलकत्त्यात तसेच १३ खून झाले, दोन्हीकडे कुणी सापडलं नाही आणि दोन्हीकडचा माणूस एकच होता का हेही कधी सिद्ध झालं नाही. मुंबईत एक जण हल्ल्यातून वाचला पण अंधारात त्याला चेहरा दिसला नाही. बस्स. मेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नावं पोलिसांनाच मिळाली नव्हती, ना नातेवाईक, ना रेशनकार्ड. आम्ही यावर ४० मिनिटांचा एपिसोड केला आणि ऐकताना लक्षात आलं की ३० मिनिटं आपण खुन्याबद्दलच बडबडलोय ज्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा त्या वेळचा फुटपाथ, रात्री कोण कुठे झोपायचं, बीटवरचा हवालदार किती वाजता फेरी मारायचा, असं सगळं घेतलं. तो एपिसोड कमी ऐकला गेला. बरा मात्र तोच आहे.

पहिलटकरांना माझा सल्ला: निकालपत्र उपलब्ध आहे अशी केस घ्या, म्हणजे निर्दोष सुटकेची. कोर्टाने पुराव्याची एकेक कडी तपासलेली असते, तुम्हाला आयता सांगाडा मिळतो.

३. कागदपत्रं मिळतात कुठून? पोलिस स्टेशनला जाऊन मागायची का?

जाऊन मागितली तर चहा मिळेल. कागद नाही.

हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची निकालपत्रं नेटवर फुकट आहेत, सत्र न्यायालयाची ईकोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर बऱ्याचदा सापडतात. एफआयआर २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून २४ तासांत साइटवर टाकावी लागते, संवेदनशील गुन्हे सोडून, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर नवीन एफआयआर दिसतात. पण चार्जशीट हा सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजनिशी) तर आरोपीलाही मिळत नाही, तुम्ही-आम्ही कोण. कुणी तुम्हाला केस डायरीचे फोटो पाठवले तर ते आले कुठून हा पहिला प्रश्न विचारा.

जुन्या केसला वर्तमानपत्रं हाच खजिना. ग्रंथालयात जाऊन जुन्या फायली उलटा, एकाच पेपरवर थांबू नका. एका केसमध्ये एका पेपरात कोयता होता, दुसऱ्यात सत्तूर आणि तिसऱ्यात 'धारदार शस्त्र', पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये निघालं बोथट हत्यार.

४. आरटीआय टाकला तर 'तपासात अडथळा येईल' म्हणून नाकारला. आता?

माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(एच) लावलं असणार, हे सगळ्यांना येतं. नुसता तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल हे सांगावं लागतं, पहिल्या अपिलात हेच लिहा. अपिलाला ३० दिवस असतात.

पण खरी गंमत कलम ८(३) मध्ये आहे. घटना २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढी तीन कारणं सोडून बाकी कुठलंही कारण लावता येत नाही, म्हणजे तपासात अडथळा हे पण नाही. आम्ही म्हणूनच जुन्या केसेस घेतो, जुन्याची आवड वगैरे काही नाही. अर्ज लिहिताना एकच विषय आणि साधारण १५० शब्द हे महाराष्ट्राचे नियम पाळा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. यानंतर जे उत्तर येतं ते बहुतेक वेळा असं असतं: 'सदर अभिलेख मुदतबाह्य झाल्याने नष्ट करण्यात आला आहे.' यावर कुठलंही कलम चालत नाही.

५. पोलिस बोलतात का तुमच्याशी?

नोकरीतले नाही, रिटायर झालेले भरभरून. एक रिटायर हवालदार आम्हाला भेटले, जावयाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात, त्यांनी साहेबांच्या शौर्याबद्दल एक अक्षर न काढता दीड तास फक्त पंच कसे मिळत नाहीत यावर सांगितलं. रात्री दोनला प्रेत सापडतं, पंचनाम्याला दोन पंच लागतात, कोण उठून येणार, मग स्टेशनसमोरच्या पानवाल्याला उठवायचं, तोच पानवाला पाच वर्षांत अकरा पंचनाम्यांवर. मग आरोपीचा वकील कोर्टात विचारतो की आपण व्यवसायाने पंच आहात का. 'तिथंच केस मेली,' असं म्हणून त्यांनी झेरॉक्स काढायला घेतली, कुणाचं तरी आधार कार्ड होतं.

साहेब लोकांच्या आठवणी जपून वापरा. प्रत्येक साहेबाच्या गोष्टीत साहेबाला खुनी माहीतच होता, फक्त वरून दबाव आला. असेलही. आम्ही कागदाशी जुळलं तरच घेतो.

६. मेलेल्याच्या घरच्यांना आधी विचारायलाच लागतं का? सगळं तर पेपरात आलेलंच आहे.

कायद्याने सगळीकडे लागतं असं नाही. आम्ही विचारतो, कारण एकदा विचारलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी एका बाईंच्या खुनावर एपिसोड केला, पेपरातल्या बातम्यांवरून, बऱ्यापैकी चालला. दोन महिन्यांनी त्यांच्या भावाचा फोन आला, सत्तरीचे गृहस्थ, ओरडले वगैरे नाहीत, घरी या म्हणाले. गेलो. पोहे केले होते. भिंतीवर बहिणीचा फोटो, हार प्लॅस्टिकचा, त्याच्यावर धूळ नव्हती. ते म्हणाले, तुम्ही 'तिचं वागणं मोकळं होतं' असं म्हणालात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पेपरात होतं, मी म्हणालो. ते म्हणाले, पेपरवाल्याला कुणी सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी विचारलं की मधे ती गाद्यांची जाहिरात लागते तिचे पैसे कुणाला मिळतात.

तो एपिसोड काढला. तेव्हापासून नियम असा की आधी पत्र पाठवायचं, फोन नाही, फोनवर माणूस नाही म्हणायला अवघडतो. उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण. नाही म्हणाले तर केस सोडतो, अपवाद फक्त दाभोलकरांसारख्या सार्वजनिक माणसांच्या खुनाचा. कुणी नातेवाईकच सापडत नसेल (स्टोनमॅनसारखं) तर प्रश्न २ बघा.

७. सगळ्यांना माहितीये खुनी कोण आहे, मग नाव घ्यायला काय हरकत आहे?

हा प्रश्न आठवड्याला एकदा येतो. उत्तर: हेमराज.

१६ मे २००८ ला सकाळी नोएडात आरुषीचं प्रेत सापडलं, घरातला नोकर हेमराज गायब, पोलिसांनी त्यालाच संशयित धरलं, शोध सुरू झाला, चॅनेलवर दिवसभर तेच. गच्चीचं दार कुलूपबंद होतं, ते त्या दिवशी उघडलंच नाही. १७ तारखेला कुलूप तोडलं तर हेमराज वर मरून पडलेला. समजा १६ च्या रात्री तुम्ही एपिसोड टाकला असता, 'सगळ्यांना माहिती' असलेला खुनी त्या क्षणी तुमच्या डोक्यावर गच्चीत पडलेला होता.

दुसरं उदाहरण मुंबईचं. २००६-०७ च्या हिवाळ्यात चर्चगेट-मरीन लाइन्स भागात ओळीने सहा-सात खून झाले, प्रेताजवळ बिअरचा कॅन सापडला म्हणून 'बिअर मॅन' नाव पडलं. एकाला पकडलं, २००९ मध्ये एका खुनात शिक्षाही झाली, आणि त्याच वर्षी हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. त्याचं नाव आजही सर्च केलं की पहिलं येतं. आम्ही आमच्या एपिसोडमध्ये ते एकदाही घेतलं नाही, त्यावर 'अर्धवट माहिती' म्हणून शिव्या खाल्ल्या, चालतंय.

८. 'कथित' लावलं, किंवा 'असं लोक म्हणतात' म्हटलं, की सेफ ना?

नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दुसऱ्याचं म्हणणं पुढे सरकवणं हीसुद्धा बदनामीच. नाव न घेता 'त्या गल्लीतला डॉक्टर' म्हणालात आणि गल्लीत एकच डॉक्टर असेल तर नाव घेतल्यासारखंच. 'पण खरं आहे ना' हा बचावही अर्धाच, खरं असून शिवाय ते सांगणं लोकहिताचं होतं हे दाखवावं लागतं.

९. माणूस मेलाय, आता त्याची कसली बदनामी?

होते. मेलेल्याबद्दल असं काही बोललात की तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती, आणि त्यामागे घरच्यांना दुखवायचा हेतू असेल, तर ती बदनामी धरतात. मेलेल्या बाईचं 'चारित्र्य' हा विषय तर आम्ही प्रश्न ६ नंतर कायमचा बंद केलाय, तपासात हेतू म्हणून आला असेल तर तेवढंच, कोर्टाच्या शब्दांत.

१०. मेलेल्या व्यक्तीचं नाव घ्यायचं की बदलायचं?

खुनासोबत बलात्काराचा आरोप असेल तर नाव, फोटो, घर, शाळा, काहीही नाही. न्याय संहितेचं कलम ७२, आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय की व्यक्ती मेली असली, घरचे हो म्हणत असले, तरी सेशन्स जजची परवानगी असल्याशिवाय नाव उघड करता येत नाही. मुलांच्या बाबतीत पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) आणि बालन्याय कायदा वेगळा आहेच. बाकी वेळी आम्ही खरं नाव घेतो. बदललेल्या नावाने माणूस आणखी एकदा पुसला जातो असं बहिणीचं मत आहे, माझं मत रोज बदलतं.

११. केस कोर्टात चालू आहे, मग बोलता येतं का?

चार्जशीट दाखल झाली की केस न्यायप्रविष्ट, आणि अपील संपेपर्यंत ती तशीच राहते, हे लोक विसरतात. बोलायला बंदी नाही, पण खटल्यावर परिणाम होईल असं बोललात तर न्यायालयाचा अवमान होऊ शकतो. मुंबई हायकोर्टाने १८ जानेवारी २०२१ ला मीडिया ट्रायलवर निकाल दिला, त्यात काय करू नये याची यादी आहे: गुन्हा कसा घडला ते नाट्य करून दाखवू नका, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नका, पोलिसांसमोरची कबुली पुरावा असल्यासारखी सांगू नका. ती चॅनेलवाल्यांना उद्देशून होती, आम्ही तिची प्रिंट माइकच्या वरच्या भिंतीला चिकटवलीये.

१२. आरोपीने कबुली दिली होती, तरी सुटला कसा? पैसे चारले असतील.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा नसते, इंग्रजांच्या काळापासून नाही, आता साक्ष अधिनियमात कलम २३ आहे. कारण सांगायला नकोच, थर्ड डिग्री दिली तर मी पण स्टोनमॅन असल्याचं कबूल करेन. त्या कबुलीतून एखादी वस्तू निघाली, म्हणजे आरोपीने पंचांसमोर 'चाकू विहिरीत टाकलाय' सांगितलं आणि खरंच निघाला, तर तेवढा भाग चालतो. इथे परत प्रश्न ५ मधला पानवाला येतो. नार्को टेस्टचंही तेच, जबरदस्तीने करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, आणि गुंगीतलं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे.

१३. पीएम रिपोर्टमध्ये मृत्यूची वेळ दिलीये, ती धरून टाइमलाइन करू का?

तासाच्या हिशोबाने नका करू. शरीर ताठरायला दोन-तीन तासांत सुरुवात होते, साधारण बारा तासांत पूर्ण, मग हळूहळू सैल, पण हे पुस्तकातलं. एप्रिलमधली नागपूरची खोली आणि जानेवारीतलं महाबळेश्वर यात फार फरक पडतो. पोटातल्या अन्नावरून काढलेली वेळ तर त्याहून ढोबळ. चांगला डॉक्टर 'इतक्या ते इतक्या तासांपूर्वी' असंच लिहितो, तुम्ही पण तसंच वाचून दाखवा.

१४. आता डीएनए आहे, मग जुन्या केसेस का नाही सोडवत?

कशाचा डीएनए करणार? ओला रक्ताळलेला शर्ट न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत सील केला की काही दिवसांत बुरशी लागते, कागदी पाकिटात ठेवायचा असतो. निकालपत्राच्या शेवटच्या पानावर बघा, 'अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा' असा आदेश सापडेल, म्हणजे तो शर्ट कायद्यानेच जाळलेला असतो.

आणि समजा नमुना टिकला, तरी जुळवणार कशाशी? अमेरिकेत २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना सीरियल किलर सापडला तो नातेवाईकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून. आपल्याकडे संशयितांची राष्ट्रीय डीएनए बँक नाही, त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं.

१५. ए समरी झालेली केस परत उघडते का? किती वर्षांपर्यंत?

खुनाला मुदत नाही. नवीन काही मिळालं तर पोलिस पुढचा तपास करू शकतात, उद्याही आणि चाळीस वर्षांनीही. प्रत्यक्षात कोण करणार हा वेगळा प्रश्न, पोलिस ठाण्यात रोजचे बंदोबस्त कमी आहेत का.

१६. पॉडकास्टमुळे खरंच केस सुटते का कधी?

सिडनीत १९८२ मध्ये लिनेट डॉसन नावाची बाई गायब झाली, २०१८ मध्ये त्यावर पॉडकास्ट आला, त्याच वर्षी नवऱ्याला अटक, २०२२ मध्ये दोषी, २४ वर्षं शिक्षा. एवढंच सगळे सांगतात. मधलं सांगत नाहीत: पॉडकास्टच्या गाजावाजामुळे नवऱ्याचे वकील खटलाच रद्द करा म्हणून कोर्टात गेले, खटला काही महिने थांबवावा लागला, तो ज्यूरीशिवाय एकट्या न्यायाधीशासमोर चालला, आणि साक्षीदारांनी पॉडकास्ट ऐकला असल्याने त्यांची आठवण स्वतःची की ऐकीव हा वाद झाला. खटल्याच्या काळात पॉडकास्ट ऑस्ट्रेलियात काढूनही टाकावा लागला होता. खटला बुडता बुडता वाचला.

१७. मला एका केसबद्दल माहिती आहे, तुम्हाला सांगू का?

आम्हाला नको, पोलिसांना सांगा, शक्यतो लेखी, पोच घेऊन. आम्हाला आधी सांगितलंत आणि उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर प्रश्न १६ मधला वाद तुमच्यावर येईल. धोका वाटत असेल तर वकिलामार्फत जा. आतापर्यंत आलेल्या 'टिपां'पैकी बऱ्याचशा भाऊबंदकीच्या निघाल्या, बांधावरून भांडण आणि चुलत्याचं नाव खुनात.

१८. माइक कुठला? घरात आवाज येतो, कुकर, फॅन, कुत्री.

दोनेक हजारांचा कॉलर माइक चालतो. महागडा कंडेन्सर घेऊ नका, तो शेजारच्यांचं भांडण पण पकडतो. साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, फॅन-फ्रिज बंद (फ्रिज परत चालू करायला विसरू नका, आमचं दोनदा दूध गेलंय). सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, एडिटमध्ये लागतो. एडिटिंगचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो, म्हणजे अर्ध्या तासाला ३३०० शब्द लिहावे लागतात, आणि ते मोठ्याने वाचून, कारण 'तत्पश्चात' लिहिता येतं पण माइकसमोर बोलताना हसू येतं.

१९. भीतीदायक म्युझिक, किंकाळी वगैरे टाकत का नाही? बोअर होतं.

सत्तरीचे ते गृहस्थ ऐकतील हे डोक्यात असतं, म्हणून. कोर्टात केस चालू असेल तर प्रश्न ११ पण लागू.

२०. पैसे मिळतात का?

होस्टिंग आणि प्रवास निघतो. जाहिरात आता एपिसोडच्या आधी आणि शेवटीच, मधे नाही. गाद्यांची तर घेतच नाही.